पंगतीला बसण्याचा अधिकार

गेल्या चातुर्मासात एका गावी कथा आटोपल्यावर एका वारकरी गृहस्थांनी आम्हांस विचारले, "महाराज, ख्रिस्ती लोक त्यांच्या मंदिरात भाकरीचा तुकडा आणि द्राक्षाचा रस घेतात; तो आपल्या काल्यासारखाच प्रसाद ना?" प्रश्न साधा, पण एका शब्दात उत्तर देऊ गेले तर ते खोटे पडते. 'होय' म्हणावे तर त्या विधीचे मर्म हातून निसटते. 'नाही' म्हणून हात झटकावे तर त्यात जो प्रश्न दडला आहे तो तुमच्याआमच्याही दाराशी उभा आहेच. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी विधी कसा तो सांगतो. इसवी सनाच्या साधारण तिसाव्या वर्षी यरुशलेम नगरीत, यहुदी लोकांच्या वल्हांडण सणाच्या सुमारास, येशू ख्रिस्त आपल्या बारा शिष्यांसह रात्रीच्या जेवणास बसले. त्यांनी भाकर घेतली, देवाचे आभार मानले, ती मोडून शिष्यांस दिली आणि हे आपले शरीर होय असे सांगितले. मग द्राक्षारसाचा प्याला फिरवून ते आपले रक्त होय असे सांगितले, आणि आपल्या स्मरणार्थ असे करीत जा, अशी आज्ञा केली. दुसऱ्या दिवशी त्यांना क्रुसावर दिले. तेव्हापासून ख्रिस्ती लोक हे भोजन करीत आले आहेत. ग्रीक भाषेत याला एक नाव पडले त्याचा अर्थ 'आभार', आणि दुसरे पडले 'कोइनोनिया', म्हणजे वाटेकरी होणे, सामाईक असणे. आपल्याकडचे प्रॉटेस्टंट ख्रिस्ती याला 'प्रभुभोजन' म्हणतात, क्वचित 'सहभागिता' म्हणतात. कोइनोनियाला हा शब्द फार चांगला बसतो. वसईकडचे कॅथॉलिक लोक मिस्सेला जातात तेव्हा हाच विधी तिचा गाभा असतो. हिंदी मुलखातील कॅथॉलिक तर याला 'परमप्रसाद' असेच म्हणतात.

रीतीभाती पंथापंथांत निरनिराळ्या. कॅथॉलिकांत बिनखमिराच्या गव्हाची पातळ गोल चकती असते. ती धर्मगुरूच्या हातून जिभेवर किंवा तळहातावर घेतात. पूर्वी मध्यरात्रीपासून कडकडीत उपास धरून घेत, 1964 पासून तासाभराचा उपास पुरतो. ग्रीक व रशियन परंपरेत खमिराची भाकर द्राक्षारसात भिजवून चमच्याने देतात आणि तान्ह्या मुलालाही देतात. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत पावाचा तुकडा व लहानशा पेल्यात द्राक्षाचा रस. कोठे महिन्याला, कोठे वर्षातून चारदा. इतके पुरे. आपल्याला विधीपेक्षा त्याच्या आतला प्रश्न पाहायचा आहे.

तो प्रश्न अधिकाराचा. ज्यांनी गुरुजींपुढे बसून वेदान्ताचा पहिला धडा घोकला आहे त्यांना ठाऊक आहे की ग्रंथारंभीच चार गोष्टी ठरवाव्या लागतात: अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन. त्यांत पहिला अधिकारी. हे कोणासाठी? कोणी यावे, कोणी येऊ नये? ख्रिस्ती लोकांत हा वाद गेली दोन हजार वर्षे या एका भाकरीभोवती चालला आहे, आणि आमच्या मते त्यात मुख्य घोटाळा झाला तो एका पत्रातील एका शब्दाचा अर्थ करताना.

ते पत्र पौलाचे. ग्रीस देशातील करिंथ या बंदराच्या शहरी त्याने एक मंडळी स्थापिली होती. तिला त्याने इसवी सन 55 च्या आगेमागे पत्र लिहिले. त्यात तो म्हणतो की जो कोणी अयोग्य रीतीने ही भाकर खाईल व हा प्याला पिईल, तो प्रभूच्या शरीराचा व रक्ताचा अपराधी होईल; म्हणून माणसाने आधी स्वतःला पारखावे. झाले! या 'अयोग्य' शब्दाचा लोकांनी अर्थ केला तो असा, की ज्याचे मन मलिन, ज्याचे आचरण उणे, तो अयोग्य. मग जो तो आपल्या पापांचा हिशेब काढीत बसला. आणि गंमत अशी की जे खरोखर भाविक, तेच घाबरून मागे राहिले. कोडग्याला कसली भीती? तो पुढे होऊन घेतच होता.

स्कॉटलंड देशात तर मंडळीचे वडील घरोघर जाऊन माणसांची परीक्षा घेत आणि जो उतरेल त्याला शिशाचा एक बिल्ला देत. बिल्ला दाखवील त्यालाच त्या लांबलचक मेजाशी जागा. तिकडच्या उत्तरेच्या डोंगराळ मुलखात कित्येक धर्मशील माणसे जन्मभर देवळात बसली, प्रवचने ऐकली, आणि आपण लायक नाही म्हणून एकदाही त्या भोजनाला न शिवता मेली. कॅथॉलिकांतही तेच. 1215 साली रोममधल्या लॅटरन येथील धर्मसभेला नियम करावा लागला की प्रत्येकाने निदान वर्षातून एकदा, ईस्टरच्या सणाला, हे घेतलेच पाहिजे. नियम करावा लागतो याचाच अर्थ लोक घेत नव्हते. पुढे 1905 साली पोप दहावे पायस यांनी स्पष्ट सांगितले की वारंवार घ्या, रोज घ्या. हे सद्गुणाचे बक्षीस नव्हे, दुबळ्याचे औषध आहे. हे मात्र बोलणे आम्हांस पटते. रोग बरा झाला म्हणजे मग वैद्याकडे या, असे कोणी म्हणते काय?

पण पौलाने लिहिले होते काय आणि कोणत्या प्रसंगी, हे पाहू गेले तर सगळाच उलगडा होतो. त्या काळी वेगळी देवळे नव्हती. मंडळी जमायची ती एखाद्या सधन गृहस्थाच्या वाड्यात. रोमन चालीच्या त्या वाड्यांत जेवणाची खोली म्हणजे तीन बाजूंना तीन बैठका, आणि साधारण नऊ माणसे लवंडून बसतील एवढी जागा. बाकीची माणसे अंगणात. नऊ कोण हे सांगायला नको. गुलाम, हमाल, मजूर, यांचे काम सुटायचे अंधार पडल्यावर. ते येऊन पोहोचेपर्यंत आतल्या मंडळींनी आपापले आणलेले अन्न खाऊन संपविलेले असे, आणि काहींना प्यालेही चढलेले असत. शिवाय तेव्हाच्या रोमन जगात पंगतीत भेद करणे ही रीतच होती. धाकटा प्लिनी नावाचा रोमन अधिकारी एका पत्रात लिहितो की एका यजमानाने जेवायला बोलावून स्वतःला व खाशांना उंची मद्य, मधल्यांना मध्यम आणि खालच्यांना हलके असे तीन प्रकार ठेवले होते. प्लिनीलाही ते रुचले नाही, पण त्याने नवल काही केले नाही. असे चालतच असे.

तेव्हा पौल रागावला तो या पंगतभेदावर. तो विचारतो, तुम्हांला खायला घरे नाहीत काय? ज्यांच्यापाशी काही नाही त्यांना तुम्ही लाजवता काय? एक उपाशी आणि दुसरा झिंगलेला, याला प्रभूचे भोजन म्हणताच येत नाही. आणि शरीर न ओळखता जो खातो तो आपल्यावर दंड ओढवून घेतो. कोणते शरीर? त्याच पत्रात थोडे आधी त्याने सांगून ठेवले आहे की भाकर एक, म्हणून आपण पुष्कळ असूनही एक शरीर आहोत. आणि या सगळ्या संतापानंतर तो उपाय कोणता सांगतो? प्रायश्चित्त नाही, उपास नाही. एकमेकांची वाट पाहा, एवढेच. मजूर येईपर्यंत थांबा!

आता सांगा, अयोग्य कोण ठरला? अंगणात ताटकळलेला, मळक्या हातांचा हमाल? की आत लवंडलेला, स्नान केलेला, सुगंध लावलेला यजमान? आमच्या मते पौलाचे बोट यजमानाकडे आहे. अयोग्यता शेजारच्याला न ओळखण्यात आहे. आणि मूळ भोजनाकडेच पाहिले तर तिथे लायकीची परीक्षा कोणी घेतली होती? लूकाने लिहिलेल्या शुभवर्तमानाप्रमाणे धरून देणारा यहूदा त्याच मेजाशी होता. त्याच रात्री कोंबडा आरवण्याआधी तीनदा 'मी याला ओळखत नाही' म्हणणारा पेत्रही तिथेच होता. दोघांनाही भाकर मिळाली. योहानाच्या शुभवर्तमानात तर भाकर आणि प्याल्यावरचे ते शब्दच नाहीत. जेवणाच्या त्या रात्रीची म्हणून त्याने जी कथा सांगितली आहे ती गुरूने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतल्याची आहे. पुष्कळ जण हे वाचून पुढे जातात. आम्हांला वाटते की योहानाने भोजनाचा अर्थच तिथे मांडला आहे.

येथे कोणी म्हणेल, महाराज, मग दार उघडे टाकून द्यायचे की काय? कोणीही यावे, कसेही यावे? नाही. दार बंद करण्याचाही एक प्रसंग इतिहासात आहे आणि तो फार मोलाचा आहे. 390 साली थेस्सलनीका शहरात लोकांनी दंगा करून एका सेनाधिकाऱ्याला ठार केले. सम्राट थिओडोसियस संतापला आणि त्याच्या सैन्याने त्या शहरातील हजारो माणसे कापून काढली. तेव्हा मिलान शहरी बिशप अँब्रोज होते. त्यांनी सम्राटाला पत्र लिहून कळविले की तू पश्चात्ताप करीपर्यंत तुझ्यासमोर हा विधी मला करता येणार नाही. ज्याच्या एका शब्दाने शहर ओस पडते, त्याला सांगितले की भाकर नाही! सम्राटाने राजवस्त्रे उतरवून सर्वांसमक्ष पश्चात्ताप केला तेव्हा त्याला पुन्हा पंगतीत घेतले. दार बंद करायचे ते असे: ज्याने दुसऱ्याचे ताट हिरावले, ज्याने रक्त सांडले, त्याच्यापुढे, मग तो राजा का असेना. दुबळ्यापुढे बंद करायला काय, कोणीही करील.

आता विद्वानांच्या वादाकडे एकदा वळतो, कारण तो आमच्या शास्त्राभ्यासाच्या जवळचा आहे. भाकर हे शरीर होय, यातील 'होय' या क्रियापदाचा अर्थ काय? तेराव्या शतकातील थोर पंडित थॉमस अक्विनास म्हणतो की धर्मगुरूच्या शब्दांनी भाकरीचे द्रव्य पालटते, गुण तेच राहतात. म्हणजे रंग, चव, आकार भाकरीचा, पण आतले द्रव्य ख्रिस्ताचे. आमचे नैयायिक येथे लगेच हरकत घेतील, की गुण हा द्रव्याच्या आश्रयाशिवाय राहीलच कसा? थॉमसालाही ही अडचण ठाऊक होती. तो म्हणतो, ईश्वराच्या सामर्थ्याने राहतो. मग 1529 साली जर्मनीत मारबुर्गच्या किल्ल्यात मार्टिन लूथर आणि झुरिकचे झ्विंग्ली समोरासमोर बसले. लूथर म्हणाला, भाकर भाकरही राहते आणि ख्रिस्तही तीत खरोखर असतो. वाच्यार्थ सोडायचा नाही. त्याने मेजावर खडूने ते शब्दच लिहून ठेवले होते. झ्विंग्ली म्हणाला, हे तुमच्या-आमच्या भाषेत सांगायचे तर, 'गंगेवर गवळीवाडा' म्हटले म्हणजे वाडा पाण्यावर नसतो, काठावर असतो. तशी येथे लक्षणा घ्या, भाकर ही शरीराची खूण आहे. पंधरा कलमांपैकी चौदांवर दोघांचे जुळले. या एकावर बिनसले, आणि एकमेकांस बंधू न मानता ते उठून गेले.

हा वाद रिकामटेकड्यांचा होता असे आम्ही म्हणणार नाही. भाकर ही खूण असेल तर शेजाऱ्याला उपाशी ठेवणे ही असभ्यता ठरते. भाकर शरीरच असेल तर ते त्या शरीरावर घाव घालणे ठरते. फरक आहे. पण अर्थ ठरवताना समोरच्याचा हात सोडला, हे पाहून वाईट वाटते. आजही कॅथॉलिक मंडळी इतर पंथीयांना हे भोजन सहसा देत नाहीत. नवरा एका पंथाचा आणि बायको दुसऱ्या पंथाची असली तर एकाच बाकावरून एक उठून पुढे जातो आणि दुसरी बसून राहते.

याहून जिव्हारी लागणारी गोष्ट दक्षिण आफ्रिकेची. तेथे केप प्रांतात डच लोकांची मोठी मंडळी होती. 1829 साली तिच्या धर्मसभेपुढे प्रश्न आला की काळ्यासावळ्या ख्रिस्ती माणसांना गोऱ्यांच्या बरोबरीने भोजनाला बसू द्यावे काय. सभेने स्वच्छ निकाल दिला की रंगाचा किंवा जन्माचा भेद न करता सर्वांनी एकाच वेळी घ्यावे. केवढे चांगले झाले! पण गोऱ्यांची कुरकुर थांबेना. 1857 साली त्याच सभेने पुन्हा ठराव केला. ठरावात आधी म्हटले की सर्वांनी एकत्र असणे हेच इष्ट व शास्त्राला धरून आहे. परंतु काहींच्या दुबळेपणामुळे जेथे अडचण येईल तेथे निराळ्या इमारतीत निराळी सोय करण्यास हरकत नाही. दुबळेपणा कोणाचा? तर ज्यांना शेजारी काळा माणूस सोसत नव्हता त्यांचा. वारकरी हो, हा शब्द नीट ध्यानात घ्या. अपराध केला सबळाने, त्याला नाव दिले दुबळेपणा, आणि त्याचे प्रायश्चित्त दिले ज्याला बाहेर काढले त्याला.

सवलत म्हणून उघडलेली फट पुढे रुंदावत गेली. 1881 साली काळ्यासावळ्यांची मंडळीच वेगळी स्थापिली. 1948 नंतर सरकारनेच वर्णभेदाचे कायदे केले: वस्त्या वेगळ्या, शाळा वेगळ्या, आगगाडीचे डबे वेगळे, आणि मंडळीतील पंडित त्याला शास्त्राधार पुरवीत राहिले. पंगत वेगळी केली म्हणून राज्य वेगळे झाले असे एका कारणावर सगळे ढकलणे बरोबर नाही. जमिनीचा, खाणींचा आणि मजुरीचा लोभ त्याच्यामागे होताच. पण देवाच्या मेजाशी जे एकदा चालवून घेतले, ते बाहेर कोणत्या तोंडाने नाकारणार? शेवटी 1982 साली कॅनडात ओटावा येथे जगभरच्या त्या पंथाच्या मंडळ्यांचा मेळावा भरला असता दक्षिण आफ्रिकेतील काही कृष्णवर्णीय प्रतिनिधी भोजनाच्या विधीला बसलेच नाहीत. घरी जे आम्हांला पंगतीत घेत नाहीत त्यांच्यासोबत येथे पाहुण्यांसमोर आम्ही जेवणार नाही, असा त्यांचा भाव होता. मेळाव्याने वर्णभेदाचे समर्थन हे पाखंड ठरविले आणि त्या गोऱ्या मंडळ्यांचे सभासदत्व स्थगित केले. हे वाचताना आम्हांला अँब्रोजची आठवण झाली. फरक एवढाच, की येथे दार बंद करणाऱ्याच्या हाती बिशपाचा दंड नव्हता. भाकर न घेणे एवढेच त्याच्या हाती होते, आणि तेच त्याने केले.

आपल्या देशातही हे घडले आहे. तमिळ मुलखात तंजावरकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांत उच्च जातीचे लोक वेगळे बसत आणि भोजन आधी घेत. कलकत्त्याचे बिशप डॅनिएल विल्सन यांनी 1833 साली आज्ञापत्र काढले की हा जातिभेद आता संपला पाहिजे. परिणाम काय झाला? कित्येक जण भेद सोडण्याऐवजी ते चर्चच सोडून गेले. आणि हे मागच्या काळापुरते आहे असे समजू नका. 2016 साली भारतातील कॅथॉलिक बिशपांच्या परिषदेने दलित ख्रिस्ती लोकांविषयीच्या धोरणपत्रात आपल्या मंडळीत हा भेद अजून आहे असे स्पष्ट मान्य केले.

महाराष्ट्रात नारायण वामन टिळकांनी 1895 साली ख्रिस्ती धर्म घेतला. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी आलो असे ते म्हणत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मात्र कितीतरी दिवस आपले सोवळे सांभाळून राहिल्या. जात देवाने केलेली नाही, माणसाने केली, हे एकदा मनाला पटले तेव्हा त्यांनी ते सोवळे टाकले आणि मग 1900 साली बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना हे सांगायला नको. आम्हांला त्यात विचार करण्याजोगा वाटतो तो क्रम: आधी पंगत मोकळी झाली, धर्माचा संस्कार मागून आला.

आता गृहस्थांच्या प्रश्नाकडे. काला आणि हे भोजन एक नव्हे. आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरी काला होतो, तेव्हा पुष्कळांच्या शिदोऱ्या एका ठिकाणी कालवतात आणि मग कोणाचे काय हे ओळखू येत नाही. अनेकांतून एक होते. ख्रिस्ती भोजनात एक भाकर मोडून ती अनेकांना जाते. आपण देवाला दाखवून उरले ते प्रसाद म्हणून घेतो. ते म्हणतात, येथे देवच अन्न झाला. शिवाय त्या भाकरीत मरणाचे स्मरण आहे, काल्यात खेळ आहे. पण दोहोंना कसोटी एकच लागते. चोखोबांची समाधी महाद्वारापाशी बाहेर आहे, आणि साने गुरुजींनी उपोषण केल्यानंतर 1947 साली आत जाण्याची वाट सर्वांना मोकळी झाली, हे आपण विसरण्याचे कारण नाही. सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी काल्याच्या कीर्तनात एकमेकांच्या तोंडात घास घालणारे लोक तासाभराने महाप्रसादाच्या पंगतीत कोणाशेजारी बसतात, ते ज्याने त्याने आपल्या गावी पाहावे.

शेवटी एक रीत सांगायची राहिली. रोम शहरी इसवी सन 150 च्या सुमारास जस्टिन नावाच्या ख्रिस्ती पंडिताने सम्राटाला उद्देशून आपल्या लोकांच्या उपासनेचे वर्णन लिहिले. त्यात तो म्हणतो की भोजन झाल्यावर ज्याला जे द्यावेसे वाटेल ते लोक देतात, आणि ते अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान व परके यांच्याकरिता ठेवतात. आणि जे येऊ शकले नाहीत त्यांचा वाटा सेवक मंडळी त्यांच्या घरी पोहोचवितात. ही रीत अजून चालू आहे. कॅथॉलिक मिस्सा झाली म्हणजे धर्मगुरू किंवा मंडळीने नेमलेला एखादा साधा गृहस्थ छोट्या डबीत ती चकती घेऊन निघतो आणि गल्लीबोळांतून वाट काढीत जी म्हातारी माणसे खाटेवरून उठू शकत नाहीत त्यांच्या घरी जातो.